दारातली प्रियस आणि शेजाऱ्यांची नजर

2006-07 च्या सुमारास अमेरिकेत हायब्रिड गाडी घ्यायला निघालेल्या मध्यमवर्गीय माणसापुढे दोन सरळ पर्याय होते. होंडाच्या शोरूममध्ये सिविक हायब्रिड आणि टोयोटाच्या शोरूममध्ये प्रियस. दोन्हींत पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी. किमतीही फार लांब नाहीत, वीस-बावीस हजार डॉलरच्या घरात. मायलेजमध्ये प्रियस थोडी पुढे होती. आपल्या हिशोबात सांगायचं तर लिटरला साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास. सिविक हायब्रिड अठराच्या जवळ, आणि साधी पेट्रोल सिविक जेमतेम बारा. पेट्रोल वाचवायचं आणि धूर कमी करायचा एवढाच हेतू असता, तर दोन्ही गाड्यांनी तो बऱ्यापैकी सारखा साधला असता. पण 2007 मध्ये अमेरिकेत 1,81,000 हून अधिक प्रियस खपल्या, आणि सिविक हायब्रिडला त्याच्या पाचव्या हिश्शाचाही पल्ला गाठता आला नाही.

तंत्राच्या बाजूनं काही कारणं देता येतात. टोयोटाची प्रणाली जास्त दमदार होती. सिग्नलवरून निघताना किंवा गल्लीबोळात हळू चालताना प्रियस काही अंतर निव्वळ विजेवर जायची. होंडाची मोटर इंजिनाला हातभार लावण्यापुरती होती. प्रियसच्या डॅशबोर्डवर एक स्क्रीन होता. त्यावर इंजिन, मोटर, बॅटरी आणि चाकं यांच्यामध्ये ऊर्जा कुठून कुठे चालली आहे हे बाणांनी दिसायचं. ब्रेक दाबला की चाकांकडून बॅटरीकडे बाण धावायचा, आणि नवे मालक रस्ता सोडून त्या बाणांकडेच बघत बसायचे. हे सगळं खरं असलं तरी पाचपट फरकाचा खुलासा एवढ्यानं होत नाही.

खुलासा गाडीच्या बाहेर होता. सिविक हायब्रिड हुबेहूब सिविकसारखी दिसायची. मागच्या डिकीवरची हायब्रिड ही छोटी अक्षरं कुणी वाकून वाचली तरच फरक कळणार. प्रियसचं तसं नव्हतं. 2003 च्या शरद ऋतूत आलेल्या तिच्या दुसऱ्या पिढीचं नाक आखूड, टप कमानीसारखा वर चढून मागे उतरणारा आणि शेपूट एकदम कापल्यासारखं. अशी दुसरी गाडी रस्त्यावर नव्हती. या आकाराला अभियांत्रिकीचा आधार होता, कारण हवेला कमी अडवणारी गाडी कमी इंधन पिते. तिचा वायुरोध गुणांक 0.26, म्हणजे त्या काळच्या भल्या भल्या गाड्यांपेक्षा सरस होता. पण त्याच आकारामुळे दोनशे फुटांवरून, चालत्या रस्त्यात, गाड्यांमधलं काही न कळणाऱ्या माणसालाही ती ओळखू यायची. तिचं साधं पेट्रोल मॉडेल निघतच नव्हतं. प्रियस दिसली की हायब्रिड दिसली, आणि हायब्रिड दिसली की आत बसलेला माणूस कोणत्या विचाराचा आहे हेही कळलं, असं त्या काळच्या अमेरिकेत गृहीत धरलं जायचं.

जुलै 2007 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं सीएनडब्ल्यू मार्केटिंग रिसर्च या संस्थेची एक पाहणी छापली. प्रियस घेण्याचं मुख्य कारण काय, या प्रश्नाला 57 टक्के ग्राहकांनी उत्तर दिलं होतं की ही गाडी माझ्याबद्दल काहीतरी सांगते. मायलेजला मुख्य कारण म्हणणारे त्याहून बरेच कमी निघाले. हा आकडा पुढे शेकडो लेखांतून फिरला. मी तो जरा हात राखूनच वापरतो. कारण याच संस्थेनं त्याच काळात एक अहवाल काढून, कारखान्यापासून भंगारापर्यंतचा हिशोब मांडला तर हमरसारखी धूड गाडी प्रियसपेक्षा कमी ऊर्जा खाते, असा दावा केला होता. हमर प्रियसपेक्षा कितीतरी जास्त मैल चालेल असं त्यात गृहीत धरलेलं होतं, आणि जाणकारांनी त्या गणिताच्या चिंध्या केल्या. तेव्हा 57 हा आकडा पवित्र मानायचं कारण नाही. शिवाय आपण दिखाव्यासाठी गाडी घेतली हे तोंडावर कबूल करणारे जितके, त्यांच्यापेक्षा मनातल्या मनात तसं करणारे जास्तच असणार. माणसांना विचारून अशा गोष्टी नीट कळत नाहीत.

न विचारता शोधण्याची युक्ती स्टीव्हन आणि ॲलिसन सेक्स्टन या जुळ्या भावंडांनी काढली. दोघंही अर्थशास्त्रज्ञ. त्यांचा तर्क असा. प्रियस घेणाऱ्याला शेजाऱ्यांच्या नजरेत मान मिळतो, हे खरं असेल तर तो सगळीकडे सारखा मिळणार नाही. पर्यावरणाची आस्था असलेल्या वस्तीत जास्त मिळेल, ज्या वस्तीत पर्यावरण हा चेष्टेचा विषय आहे तिथे कमी किंवा उलटाच. म्हणून कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या वस्त्यांचा राजकीय कल आणि तिथल्या गाड्यांची नोंद त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. मेख इथेच आहे. हिरव्या विचारांच्या वस्तीत सगळ्याच हायब्रिड जास्त खपणार, त्यात नवल नाही. पण जी हायब्रिड इतर गाड्यांसारखीच दिसते तिच्या मानानं प्रियस किती जास्त खपते, हे पाहिलं की निव्वळ दिसण्याची किंमत हाती लागते. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ती वस्तीनुसार सुमारे 430 ते 4,200 डॉलर इतकी निघाली. गाडीची किंमत 22 हजार धरली तर वरच्या टोकाला हा जवळपास पाचवा हिस्सा झाला. एवढे पैसे लोक पर्यावरणासाठी मोजत नव्हते. पर्यावरणासाठी मोजलेत हे दिसावं म्हणून मोजत होते.

थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी 1899 मध्ये अमेरिकन श्रीमंतांच्या दिखाऊ उधळपट्टीवर पुस्तक लिहिलं. चांदीचा चमचा लोखंडी चमच्यापेक्षा चांगलं जेवू घालत नाही, पण तो महाग आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तेच त्याचं काम, असा त्यांचा एकूण रोख. सेक्स्टन भावंडांनी त्यालाच उलटा फिरवला. आता उधळपट्टीऐवजी काटकसर दाखवायची.

पण इथे एक अडचण आहे. दिखावा पटायचा तर तो महाग असावा लागतो. 1975 मध्ये इस्रायली जीवशास्त्रज्ञ आमोत्झ झहावी यांनी मोराच्या पिसाऱ्याबद्दल मांडलेला विचार इथे लागू पडतो. एवढं ओझं वागवूनही जो मोर जगला तो खरंच धडधाकट असणार. खुणेवर विश्वास बसतो तो ती सगळ्यांना परवडण्यासारखी नसते म्हणून. प्रियस तर हॉलिवुडच्या माणसाच्या दृष्टीनं फुकटातली गाडी. तरी लिओनार्डो डिकॅप्रियो यांच्यासारख्या अभिनेत्यांनी ती घेतली. 2003 च्या ऑस्कर सोहळ्याला एका पर्यावरण संस्थेनं काही कलाकारांना लिमोझिनऐवजी शोफर चालवत असलेल्या प्रियसमधून रेड कार्पेटपर्यंत आणलं, आणि दुसऱ्या दिवशी छायाचित्रांत कपड्यांइतकीच गाडीही आली. मग यात महाग काय होतं?

महाग होतं ते सोडणं. ज्याला फेरारी परवडते त्यानं वीस हजारांची, प्लास्टिकच्या डॅशबोर्डची, चढाला किंचाळणारी गाडी चालवायची, यात त्यानं काय नाकारलं ते ताबडतोब दिसतं. मोतीलाल नेहरूंसारख्या बड्या वकिलानं विलायती सूट टाकून अंगावर घातलेली खादी जे बोलत होती, ते गरीब विणकराच्या अंगावरचं तेच कापड बोलू शकत नव्हतं. आणि पुढे सगळ्याच पुढाऱ्यांनी कडक इस्त्रीची खादी घातली तेव्हा तिचं बोलणं पार बदललं, हेही आपण पाहिलं आहे. प्रियसचंही पुढे तसंच झालं.

सोडण्याची ही ओढ प्रयोगशाळेतही पकडता आली. 2010 मध्ये व्लादास ग्रिस्केविचियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. काहींना आधी एक गोष्ट वाचायला दिली. त्यात नोकरीचा पहिला दिवस, चकाचक कार्यालय, वर चढण्याची संधी, अशी प्रतिष्ठेची भूक चाळवणारी वर्णनं. इतरांना ती दिली नाही. मग सारख्याच किमतीच्या दोन गाड्यांतून एक निवडायला सांगितलं. एक ऐषारामी, चामड्याच्या सीटची आणि ताकदवान. दुसरी तेवढ्याच पैशांत मिळणारी, सुखसोयी कमी असलेली हायब्रिड. गोष्ट न वाचलेल्यांपैकी सुमारे 37 टक्क्यांनी हायब्रिड घेतली, वाचलेल्यांपैकी 54 टक्क्यांनी. पुढच्या प्रयोगांत आणखी दोन गोष्टी दिसल्या. दुकानात चार लोकांदेखत खरेदी करायची असेल तर प्रतिष्ठेची भूक हिरव्या वस्तूकडे वळते, घरी एकट्यानं ऑनलाइन करायची असेल तर ऐषारामाकडे. आणि हिरवी वस्तू साध्या वस्तूपेक्षा महाग असेल तरच प्रतिष्ठेच्या दृष्टीनं ती हवीशी वाटते, स्वस्त असेल तर तिची गोडी उतरते. पर्यावरणपूरक वस्तू स्वस्त करा म्हणजे लोक घेतील, असं धोरण आखणाऱ्यांना हे जरा खुपणारं आहे.

या सगळ्यातून प्रियसवाले सगळे ढोंगी, असा निष्कर्ष काढणारे अमेरिकेत तेव्हा भरपूर होते. साउथ पार्क या कार्टून मालिकेनं 2006 च्या एका भागात हायब्रिड घेतलेल्यांच्या आत्मसंतुष्टतेचा ढग गावावर जमतो आणि वादळ होऊन कोसळतो, असं दाखवलं. ते विनोदी होतं आणि बऱ्याच अंशी लागूही होतं. पण मला ढोंगाचा आरोप उथळ वाटतो. माणूस एकाच वेळी खरोखर काळजीही करतो आणि ती दिसावी असंही त्याला वाटतं. सीआयएचे माजी प्रमुख जेम्स वूल्सी यांच्या प्रियसवर बिन लादेनला ही गाडी आवडत नाही अशा अर्थाचा स्टिकर होता. त्यांचा मुद्दा तेलावरच्या परावलंबनाचा, म्हणजे झाडं-अस्वलांपासून कोसभर दूर. तरी खूण त्यांनाही तीच सोयीची वाटली.

शिवाय काही फायदे रोकडे होते. कॅलिफोर्नियात 2005 पासून ठरावीक हायब्रिड गाड्यांना पिवळे स्टिकर मिळू लागले. ते लावले की गाडीत एकटे असलात तरी कारपूल लेनमधून जाता यायचं. एकूण 85,000 स्टिकर निघाले आणि संपले, मग स्टिकर असलेली जुनी प्रियस बिनस्टिकरच्या गाडीपेक्षा महाग विकली जाऊ लागली. लॉस एंजेलिसच्या फ्रीवेवर रोज सकाळी तुंबलेल्या चार लेनच्या शेजारून मोकळं निघून जाणं ही चैनच होती. जुलै 2011 मध्ये ही सवलत बंद झाली. पेट्रोलच्या बचतीचा हिशोब मात्र त्या मानानं कोरडा. वर्षाला 24 हजार किलोमीटर चालवणाऱ्याचं साध्या सिविकच्या तुलनेत सातशे-सव्वासातशे लिटर वाचणार. गॅलनला अडीच डॉलर भाव धरला तर वर्षाला पावणेपाचशे डॉलर. गाडीच्या किमतीतले जास्तीचे तीन-चार हजार वसूल व्हायला सात-आठ वर्षं. 2008 च्या उन्हाळ्यात गॅलन चार डॉलरवर गेलं तेव्हा हे गणित पाच वर्षांवर आलं, आणि तेव्हा ज्यांना ढगाबिगाशी काही देणंघेणं नाही असे लोकही रांगेत उभे राहिले.

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या आपल्या मराठी मंडळींचं गणित बहुधा या दोन्हींच्या मधलं होतं. फ्रीमाँट-सनीव्हेलकडच्या कुठल्याही गणेशोत्सवाच्या पार्किंगमध्ये त्या काळी प्रियसची रांग दिसायची. कुणी विचारलं तर उत्तर मायलेजचं मिळायचं. पण टोयोटाच घ्यायची तर त्याहून स्वस्त कोरोला होतीच की.

एकाची खूण दुसऱ्याला डिवचतेच. डिझेल पिकअपच्या इंजिनात फेरफार करून मुद्दाम काळाकुट्ट धूर सोडायचा, आणि तोही शक्यतो मागच्या प्रियसच्या काचेवर, हा प्रकार अमेरिकेच्या काही भागांत सुरू झाला. रोलिंग कोल हे त्याचं नाव, आणि काही ट्रकांवर प्रियस पळवून लावणारं औषध अशा अर्थाचे स्टिकर असायचे. 2015 मध्ये न्यू जर्सीनं आणि 2017 मध्ये कोलोरॅडोनं यावर बंदी घातली. प्रियसवाला ज्या गावात अवतीभवतीच्या लोकांकडून वाहवा मिळवतो, त्याच गावाबाहेर वीस मैलांवर धूर सोडणारा आपल्या लोकांकडून मिळवतो. दोघांनाही खर्च येतो आणि दोघांनाही प्रेक्षक लागतो.

प्रेक्षक बदलला की तीच गाडी मुकी होते. जपानमध्ये 2009 साली प्रियस ही देशातली सर्वाधिक खपाची गाडी ठरली. सरकारनं करात सवलत दिली होती, टोयोटानं किंमत उतरवली होती, आणि निवृत्त आजोबांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सगळ्यांनी ती घेतली. तिथे प्रियस घेतली म्हणून शेजाऱ्यानं भुवया उंचावल्या नाहीत.

कॅलिफोर्नियातही तेच व्हायला फार वेळ लागला नाही. 2012 आणि 2013 अशी लागोपाठ दोन वर्षं ती त्या राज्यात सर्वाधिक खपणारी गाडी होती. 2016 च्या ला ला लँड चित्रपटात एका पार्टीनंतर नायिका आपली किल्ली मागते, तर व्हॅलेच्या फळीवर नुसत्या प्रियसच्याच किल्ल्या लटकलेल्या. प्रेक्षक हसले, कारण लॉस एंजेलिसमध्ये आता प्रियस म्हणजे काही नव्हतंच. उबरवाल्यांनी ती उचलली, कारण दिवसभर शहरात फिरायला तिच्याइतकी स्वस्त गाडी नव्हती. ओळखू येण्याचा फायदा आता चोरांना होऊ लागला. सायलेन्सरच्या नळीतल्या कॅटालिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे धातू असतात. हायब्रिडचं इंजिन कमी वेळ चालत असल्यानं प्रियसचा कन्व्हर्टर कमी झिजतो, म्हणजे हे धातू त्यात जास्त शिल्लक असतात. करवत घेऊन रात्री निघालेल्याला गाडी हेरण्यासाठी अक्षरं वाचावी लागत नव्हती.

भारतात ही खूण रुजलीच नाही. होंडानं 2008 मध्ये सिविक हायब्रिड आणली ती साडेएकवीस लाखांना. दिसायला साध्या सिविकसारखीच. गिऱ्हाईक फिरकलं नाही. पुढे किंमत तब्बल आठ लाखांनी उतरवल्यावर मात्र त्या हातोहात गेल्या. 2010 मध्ये प्रियस आली ती सत्तावीस लाखांच्या आसपास, आणि त्या पैशांत पुण्या-मुंबईचा माणूस जर्मन गाडीचं स्वप्न बघत होता. प्रतिष्ठा बघणाऱ्याच्या डोक्यात असते आणि आपल्याकडे बघणाऱ्याला या आकाराचा अर्थच माहीत नव्हता. 2022 मध्ये ग्रँड विटारा, हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस या हायब्रिड आल्या आणि खपल्या त्या किती देते या जुन्या प्रश्नाच्या जोरावर, पहिल्या दोघी तर लिटरला सत्तावीस-अठ्ठावीसच्या दाव्यावर. त्यांच्यावरची हायब्रिड ही अक्षरं कुणी मिरवत नाही, पण पंपावर सहा महिन्यांतून एकदाच जावं लागतं अशा थाटात बोलतात हे मालक. मिरवायचं काम आपल्याकडे सरकारनंच विजेच्या गाडीला बहाल केलंय. तिला हिरवी नंबर प्लेट, खाजगी असेल तर त्यावर पांढरी अक्षरं. हायब्रिडला साधी पांढरीच प्लेट. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणी काय घेतलं हे वॉचमनलाही दुरून कळावं अशी ही सोय आहे. प्रियसच्या कापलेल्या शेपटाचं काम इथे आरटीओनं केलं.

अमेरिकेत प्रियस मुकी झाल्यावर दाखवण्याची गरज काही गेली नाही, ती टेस्लाकडे गेली. 2012 च्या मॉडेल एसनं प्रियसचा एक मोठा गोंधळ सोडवला होता. आता काही सोडावं लागत नव्हतं. सत्तर-ऐंशी हजारांची वेगवान, आलिशान गाडी घेऊनही धूर नाही. व्हेब्लेनची उधळपट्टी आणि सेक्स्टन भावंडांची काटकसर एकाच बॉनेटखाली. त्याच वेळी हायब्रिडचा खरा प्रसार गुपचूप चालू होता. 2025 च्या मॉडेलपासून अमेरिकेतली टोयोटा कॅमरी फक्त हायब्रिडच मिळते, आणि ती घेणारा कुणालाही काही सांगत नसतो. पोटमाळ्यात चांगलं इन्सुलेशन भरून घेणारा माणूसही कुणाला काही सांगू शकत नाही. त्याची बचत कदाचित गाडीपेक्षा मोठी असेल, पण ती छपराखाली झाकलेली.

दिसण्यावर पैसे लावणाऱ्याला त्या दिसण्याचा अर्थ मात्र आपल्या ताब्यात ठेवता येत नाही. टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क ट्रम्प यांच्या बाजूनं राजकारणात उतरले आणि ज्या उदारमतवादी वस्त्यांत टेस्ला मानाची होती तिथेच ती अवघड होऊन बसली. मस्क असे आहेत हे कळायच्या आधी मी ही गाडी घेतली, अशा अर्थाचे स्टिकर छापून विकले जाऊ लागले आणि लोक ते ऐंशी हजारांच्या गाडीवर चिकटवू लागले. मार्च 2025 मध्ये ॲरिझोनाचे डेमोक्रॅट सिनेटर मार्क केली, एके काळचे अंतराळवीर, यांनी आपली टेस्ला टाकत असल्याचं व्हिडिओ करून जाहीर केलं. तिच्या जागी त्यांनी घेतली ती शेव्हरोले टाहो, पेट्रोलवर चालणारी भलीथोरली एसयूव्ही.